विमानांतून सोडलेली संकेतज्योत



दिवाळींत भुईनळा पेटविणारा मनुष्य काय करतो, तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तो हात लांब करून उदबत्ती वातीला लावतो आणि वात फुरफुरूं लागतांच चार पावलें मागें सरतो. हें मागें सरणें हीच त्या खेळांतील संरक्षणाची सारी व्यवस्था होय. आतां अशी कल्पना करा कीं, त्या भुईनळ्यापेक्षां कितीतरी पटींनीं प्रखर अशी एक ज्योत विमानांत ठेवलेली आहे. तेथें शेजारीं पेट्रोल आहे, दारूगोळा आहे, आणि चार पावलें मागें सरावयास जागा नाहीं. माणसाला दूर जातां येत नाहीं, म्हणून ज्योतीनेंच माणसापासून दूर जावें आणि दूर गेल्यावरच पेटावें, अशी योजना करावी लागते. ही योजना यंत्राच्या साह्यानें कशी साधतात, आणि ती फसली म्हणजे काय प्रसंग ओढवतो, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम या ज्योतींचें प्रयोजन पाहूं. प्रकाशानें दूरवर खूण करण्याची कल्पना जुनीच आहे. आपल्याकडील आतषबाजींत चंद्रज्योत असे, ती याच कुळांतली. अमेरिकन नौदलांतील एडवर्ड व्हेरी या अधिकाऱ्यानें १८७७ सालीं रंगीत तारे आकाशांत उडविणारें पिस्तूल तयार केलें, आणि जहाजाजहाजांतील रात्रीचें संभाषण सुलभ झालें. परंतु जहाजावरून ज्योत वर उडवावी लागते. विमानांतून ती खालीं टाकावयाची असते. तिचे उपयोगही अनेक. अंधारांत खालची जमीन उजळावी. समुद्रांत पडलेल्या माणसाची जागा हातची जाऊं नये म्हणून लाटांवर तरंगता दिवा सोडावा. ढगांत विखुरलेल्या आपल्या विमानांना एकत्र येण्याची खूण द्यावी. किंवा मागून येणाऱ्या ताफ्याला लक्ष्य दाखवावें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलानें या शेवटच्या कामासाठीं ऑगस्ट १९४२ मध्यें 'पाथफाइंडर', म्हणजे वाट दाखविणारें, असें एक स्वतंत्र दळच उभारलें होतें.

या सर्व प्रकारांत पेटविण्याच्या यंत्राचें मूळ रूप आश्चर्य वाटावें इतकें साधें आहे. मुलांच्या खेळण्यांतील टिकलीचें पिस्तूल आणि उंदीर मारण्याचा कमानीचा सांपळा, या दोन वस्तू मनांत एकत्र आणा, म्हणजे तें समजलेंच. टिकलीवर नुसतें बोट ठेवून कांहीं होत नाहीं. तिच्यावर टोला बसावा लागतो. टोला देण्याचें बळ दाबून धरलेल्या पोलादी कमानींत सांठविलेलें असतें. कमानीच्या पुढें एक टोकदार खिळा असतो. कमान मोकळी झाली कीं खिळा टिकलीवर आदळतो, टिकली उडते, तिची ठिणगी पुढील वातीला लागते. इतकें झालें कीं यंत्राचें काम संपलें.

परंतु सांपळा लावणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारा. ती सांगेल कीं, सांपळा उडविण्याला कसब लागत नाहीं, तो लावतांना आपल्या बोटावर उडूं न देण्याला लागतें. हेंच येथें खरें आहे. यंत्र रचणाऱ्याची बुद्धि कमानीच्या जोरांत फारशी खर्च होत नाहीं. ती सारी अडसरांत खर्च होते. कमान कोणीं धरून ठेवावी, किती जणांनीं धरून ठेवावी, आणि तिला सोडण्याची परवानगी कोणीं द्यावी, हा खरा प्रश्न आहे.

पहिला अडसर म्हणजे हातानें काढावयाची पिन. कोठारांत, गाडींत, विमानांत चढवितांना ती जागच्या जागीं असते, आणि ती असेपर्यंत खिळा हालूं शकत नाहीं. परंतु पिन माणसाच्या हातीं असते, आणि हात घाईंत चुकतो. म्हणून दुसरा अडसर घालतात. एका तारेचें किंवा दोरीचें एक टोक विमानाला बांधलेलें असतें व दुसरें ज्योतीच्या यंत्रांत अडकविलेलें असतें. ज्योत खालीं पडूं लागली कीं तार ताणली जाते व यंत्रांतून उपसून निघते. तार विमानापाशींच राहते आणि ज्योत मोकळी होऊन पुढें जाते. यांतील मर्म असें कीं, येथें परवानगी माणूस देत नाहीं, प्रत्यक्ष पडण्याची क्रियाच देते. ज्योत पडली नाहीं, तर तार निघत नाहीं.

कांहीं यंत्रांत याहीपुढें जाऊन तिसरा अडसर ठेवतात. जत्रेंतून मुलें भिरभिरें आणतात, तसें एक लहानसें धातूचें भिरभिरें यंत्राच्या टोकाशीं बसविलेलें असतें. त्याची दांडी आट्यांची असते. तार निघेपर्यंत भिरभिऱ्याला फिरतां येत नाहीं. तार निघाली कीं पडण्याच्या वेगानें समोरून येणारा वारा त्याला गरगर फिरवूं लागतो, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर दांडी थोडीथोडी उलगडत जाते. ठराविक फेरे झाले कीं दांडी सुटते व खिळ्याची वाट मोकळी होते. हें भिरभिरें घड्याळासारखा काळ मोजीत नाहीं. हवेंतून किती अंतर कापलें तें मोजतें. विमानाच्या पोटांत वारा नाहीं, म्हणून तेथें तें तासन् तास पडून राहिलें तरी एक फेरा घेत नाहीं. निर्जीव धातूच्या तुकड्याला 'आपण आतां बाहेर आहों' हें कळविण्याची ही युक्ति किती सोपी, आणि म्हणूनच किती विश्वासाची!

टिकली उडाल्यावरही ज्योत लगेच पेटत नाहीं. मध्यें मंद जळणारी वात असते. ती कांहीं सेकंद घेते, तोंवर विमान पुढें निघून जातें. मग एक अल्पशी दारू पेटून नळकांड्याचें झांकण उडवते, आंतील हवाई छत्री उलगडते आणि त्यानंतर मुख्य मसाला जळूं लागतो. हा मसाला बहुधा मॅग्नेशियम या धातूच्या भुकटीचा असतो. छत्रीची गरज कां, तें साध्या गणितानें समजेल. हवेचा अडथळा सोडून दिला, तर १,००० मीटर उंचीवरून सोडलेली वस्तु सुमारें १४ सेकंदांत भूमीला लागते. एवढ्या वेळांत कोण काय पाहणार? छत्रीमुळें तोच दिवा सावकाश उतरत राहतो. अमेरिकन मार्क-२४ जातीची ज्योत वजनानें सुमारें २७ पौंड असे, आणि तिचें तेज सुमारें २० लाख मेणबत्त्यांइतकें होतें.

या मंद वातीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. विझलेली वात आणि आंतल्या आंत जळत असलेली वात, या दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. न उडालेल्या फटाक्यावर वांकून पाहूं नये, असें आपण मुलांना सांगतों तें याचसाठीं.

तार आणि वारा यांखेरीज आणखीही साक्षीदार शोधून काढण्यांत आले. हवेचा दाब उंचीबरोबर कमी होत जातो. सुमारें १८,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा भरतो. वायुभारमापकांत असते तशी बंद धातूची डबी यंत्रांत बसविली, तर खालीं येतांना वाढत्या दाबानें ती चेपत जाते, आणि ठरविलेल्या उंचीवर खिळा सोडतां येतो. येथें काळ नव्हे, अंतरही नव्हे, तर उंचीच परवानगी देते. ब्रिटिशांच्या लक्ष्यदर्शक ज्योती अशाच होत्या. २५० पौंडी आवरणांत ६० लहान रंगीत दिवे भरलेले असत, आणि ठराविक उंचीवर आवरण फुटून ते झुंबरासारखे खालीं ओघळत. १६ जानेवारी १९४३ च्या रात्रीं बर्लिनवर त्यांचा पहिला उपयोग झाला. त्या शोभिवंत झुंबराच्या मागोमाग बाँबचा वर्षाव येई, हें मात्र विसरतां येत नाहीं. समुद्रावरील दिव्यांत पाण्यालाच साक्षीदार केलें. कॅल्शियम फॉस्फाइड या पदार्थाला पाणी लागलें कीं हवेंत आपोआप पेटणारा वायु सुटतो. अलीकडील कांहीं दिव्यांत खारें पाणी आंत शिरतांच विजेची घटमाला चालू होते, आणि ती ठिणगी देते. कोरड्या विमानांत दोन्ही निद्रिस्त असतात.

इतकी काळजी घेऊनही प्रसंग येतातच. त्यांतले दोन सांगतों. कारण यंत्राची खरी परीक्षा तेथेंच दिसते.

पहिला १२ एप्रिल १९४५ चा. अमेरिकन बी-२९ विमानांचा एक ताफा जपानवर चालला होता. ताफ्याला एकत्र येण्याची खूण म्हणून फॉस्फरसचे धुराचे गोळे एका नळींतून खालीं सोडण्याचें काम सार्जंट हेन्री अर्विन याच्याकडे होतें. त्यांतला एक गोळा सदोष निघाला. तो नळींतच फुटला आणि उलट विमानांत येऊन अर्विनच्या तोंडावर आदळला. त्याला दिसेनासें झालें. धुरानें वैमानिकालाही समोरचें दिसेना, आणि विमान खालीं झेपावूं लागलें. जळता गोळा अर्विननें हातांनीं उचलला. वाटेंत मार्गदर्शकाचें मेज आडवें आलें. गोळा कोपराखालीं अंगाशीं धरून त्यानें मेजाची कमान उघडली, चांचपडत पुढें गेला, खिडकी शोधली आणि गोळा बाहेर फेंकला. धूर निवळला तेव्हां विमान समुद्रापासून अवघ्या ३०० फुटांवर होतें.

दुसरा प्रसंग २४ फेब्रुवारी १९६९ चा, व्हिएटनाममधील लाँग बिन येथला. एक विमान रात्रीं मार्क-२४ ज्योती टाकून खालच्या सैनिकांना प्रकाश देत होतें. एका सैनिकाच्या हातांत ज्योत होती व बोट तिच्या पिनेच्या कडींत होतें. इतक्यांत तोफेचा गोळा विमानाच्या पंखावर फुटला. सैनिक कोसळला, पिन निघाली, आणि धुमसणारी ज्योत कलंडत्या विमानांत इकडून तिकडे गडगडूं लागली. जॉन लेव्हिटो या तरुणाच्या पाठींत व पायांत ४० हून अधिक तुकडे घुसले होते. ज्योत हातीं येईना, तेव्हां त्यानें तिच्यावर अंग टाकलें, तिला कवटाळून सरपटत दारापर्यंत नेलें व बाहेर लोटलें. ती विमानाबाहेर पडली आणि त्याच क्षणीं पेटली.

या दोन प्रसंगांत एक भेद आहे, तो लक्षांत घेण्यासारखा आहे. अर्विनच्या हातांतला गोळा सदोष होता. यंत्रानें विश्वासघात केला. लेव्हिटोच्या ज्योतीनें तसें कांहीं केलें नाहीं. पिन निघाल्यावर ठराविक वेळानें पेटावें, ही आज्ञा तिनें तंतोतंत पाळली. दोष एवढाच कीं, 'पिन निघाली' म्हणजे 'आपण बाहेर पडलों', असा तिचा समज रचणाऱ्यानें करून दिला होता, आणि त्या रात्रीं या दोन गोष्टींची फारकत झाली. यंत्राला सत्य कळत नसतें, सत्याची खूण तेवढी कळते. म्हणून खूण अशी निवडावी लागते कीं, सत्याशिवाय ती घडूंच नये. हाताच्या पिनेपेक्षां पडतांना उपसणारी तार, तारेपेक्षां वाऱ्यावर फिरणारें भिरभिरें अधिक भरंवशाचें, तें यासाठींच. आणि एक खूण फसली तर दुसरी उभी असावी, म्हणून अडसर एकाहून अधिक.

आपल्या घरच्या व्यवहारांतही हें तत्त्व भेटतें. इमारतीच्या जिन्यांत टांगलेल्या अग्निशामक नळकांड्याच्या मुठीशीं एक पिन असते. मुलांना तिचें कुतूहल वाटतें. ती शोभेची नसून अडसर आहे, आणि आगीसमोर उभें राहिल्यावरच ती काढावयाची, हें त्यांना एकदां नीट समजावून द्यावें. तसेंच, समुद्रकिनाऱ्यावर कधीं एखादें धातूचें अनोळखी नळकांडें वाहून आलेलें दिसलें, तर तें उचलूं नये. त्यांतला फॉस्फरस पुरता जळालेला नसेल, तर तो वाळल्यावर हवेंत पुन्हां पेटतो. दुरूनच पाहून पोलिसांना वर्दी द्यावी.

अर्विन आणि लेव्हिटो हे दोघेही त्या त्या प्रसंगीं २३ वर्षांचे होते. दोघांनाही अमेरिकेचें सर्वोच्च शौर्यपदक मिळालें. अर्विन जगणार नाहीं असें वाटल्यामुळें त्याला तें आठवड्याच्या आंत रुग्णशय्येवरच देण्यांत आलें. पण तो वांचला, त्याची दृष्टि परत आली, आणि पुढें तो माजी सैनिकांच्या रुग्णालयांत नोकरी करीत राहिला. लेव्हिटो २००० सालीं वारला, अर्विन २००२ सालीं. त्यांच्या धैर्याला वंदन करावेंच. परंतु ज्या कारागिरांच्या तारा वेळेवर निघाल्या, ज्यांचीं भिरभिरीं बरोबर तितकेच फेरे फिरलीं, आणि ज्यांच्यामुळें असंख्य रात्रीं कोणालाही असें धैर्य दाखवावें लागलें नाहीं, त्यांचीही आठवण आपण ठेवूं या.