भिंतीवरचे मक्का-मदिना

रमजान जवळ आला की आमच्या घराला रंग लागतो. तीन वर्षांपूर्वी त्या गडबडीत दादींच्या खोलीतली मक्का-मदिनेची जुनी तसबीर आम्ही उतरवली. काच तडकलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. पवित्र स्थळांचे चित्र म्हणून कचऱ्यात टाकले नाही, अदबीने नदीत सोडले आणि विसरून गेलो.

गेल्या महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती विद्यापीठात दृश्य संस्कृती या विषयात एम.ए. करते. प्रबंधासाठी तिला मुस्लिम घरांतल्या जुन्या तसबिरी पाहायच्या होत्या. "मॅडम, शिकवणीला यायचो तेव्हा दादींच्या खोलीत एक होती ना?" तिने विचारले. आम्हाला उत्तर सुचेना.

"चित्रं पाहून पदवी मिळते का?" असे तिचे अब्बा अजूनही विचारतात. प्रश्न रास्त आहे. दृश्य संस्कृतीत फक्त नामवंत चित्रकारांचा अभ्यास होत नाही. कॅलेंडर, सिनेमाचे पोस्टर, काडेपेटीवरचा छाप, दुकानाची पाटी, लग्नपत्रिका हे सगळे त्यात येते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कला आणि सौंदर्यशास्त्राची शाखा 2001 मध्ये सुरू झाली. तिथे या विषयावर संशोधन होते. 2006 मध्ये 'तस्वीर घर' हा लोकचित्रांचा डिजिटल संग्रह उभा राहिला. त्याच्या संस्थापकांपैकी एक युसुफ सईद यांचे भारतातील मुस्लिम धार्मिक चित्रांवरचे पुस्तक 2012 मध्ये आले. म्हणजे आपल्या भिंतींवरही अभ्यास झाला आहे.

काम कसे चालते, ते तिने दाखवले. आधी घरच्यांची परवानगी. मग चित्राचा फोटो, माप, कडेला बारीक अक्षरात असलेले छापखान्याचे नाव. ते कोणी, कुठून आणले, कुठल्या भिंतीवर लावले, हे वडीलधाऱ्यांना विचारायचे. चित्रही स्वतः बोलते. मस्जिदे हरामच्या विस्ताराचे मोठे काम 1955 मध्ये सुरू झाले आणि पुढे सफा-मरवाची जागा मस्जिदीच्या इमारतीत आली. त्याआधीची रचना दिसली, तर चित्राचा मूळ नमुना किती जुना, याचा अंदाज येतो. मदिनेचा घुमट हिरवा रंगवला गेला 1837 मध्ये, हेही आम्हाला तिच्याकडूनच कळले.

काही घरांत बुराकचे चित्र लावत आणि काही घरांत त्याला सक्त मनाई असे. आमच्या अब्बांनी असे एक कॅलेंडर परत केल्याचे आम्हाला आठवते. हे सांगताना आम्ही जरा कचरलो. ती म्हणाली, "मॅडम, नको म्हणणाऱ्यांचं म्हणणंही लिहायचं असतं." अभ्यास म्हणजे चित्राची तरफदारी नव्हे, हे तेव्हा नीट समजले.

दादी आता नाहीत. ती तसबीर त्यांनी हजला गेलेल्या भावाकडून घेतली की उरुसाच्या बाजारातून, हे सांगणारे घरात कोणी उरले नाही. मुलीच्या वहीत आमच्या घराचे पान कोरे राहिले.

वाचकहो, या रमजानला भिंती उतरवाल तेव्हा प्रत्येक तसबिरीचा मोबाईलवर एक फोटो काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा : कोणाची, कधीची, कुठली. घरातल्या बुजुर्गांना आजच विचारा. आणि तुमची मुलगी हा विषय घेते म्हणाली, तर "यात काय शिकायचं?" असे म्हणण्याआधी तिला भिंतीवरचे एक चित्र वाचून दाखवायला सांगा.