गवताची वाहणावळ : मोल, वेठ आणि सावड

गवत वाहून नेण्याचे मोल काय घ्यावे, हा विषय इतिहास-संशोधनाच्या पत्रात कशाला, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु जुन्या दप्तरांत गवताच्या भाऱ्यांचे आकडे वारंवार आढळतात, आणि त्यांचा अर्थ लावताना चांगले जाणकार संग्राहकही चुकतात असा माझा अनुभव आहे. शिवाय हा प्रश्न नुकताच लोहगडवाडीत दोन शेजाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष उपस्थित झाला, आणि मी जुने कागद वाचतो एवढ्याच कारणाने तो माझ्यापुढे आला. त्या निमित्ताने जे विवेचन सुचले ते येथे मांडतो.

लोहगडवाडी हे लोहगडाच्या पायथ्याचे गाव. मळवलीहून भाज्यावरून चढून लोहगड व विसापूर यांमधील गायमुख खिंडीत आले की वाडी जवळ येते. येथूनच गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा या चार दरवाजांची चढण सुरू होते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० फूट. इ. स. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची म्हणून जी बारा दुर्गांची मालिका जागतिक वारशात घेतली, तीत लोहगडही आहे. पावसाळ्यानंतर येथील उतारावरचे गवत पिवळे पडते, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी होते, आणि मग ते खालून वर किंवा माळावरून गोठ्यापर्यंत नेण्याचे काम निघते.

वाद असा होता. एका घरच्या वृद्ध बाईंचे गवत शेजाऱ्याने आपल्या मालवाहू गाडीतून वाहून दिले. आधी दर ठरला नव्हता. गाडीवाल्याने खेपेवर पैसे मागितले. बाईंचे म्हणणे असे की, तांदळाच्या पोत्यांना वजनावर जो दर पडतो तोच गवताला पडावा. दोघांचा सूर कडू झाला होता. अखेर प्रश्न आला, “गुरुजी, जुन्या कागदांत याचा काय दर आहे?”

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, जुन्या कागदांत दर सापडला तरी तो आज उपयोगी नाही, आणि पुष्कळदा जो आकडा दर म्हणून दाखविला जातो तो दर नसतोच. मात्र दर ठरविण्याची रीत जुन्या ग्रंथांत आहे, आणि ती अजून शिळी झालेली नाही.

प्रथम ‘भारा’ या शब्दाचा विचार करू. संस्कृत कोशांत व कौटिलीय अर्थशास्त्रात ‘भार’ हे निश्चित वजन आहे : शंभर पलांची एक तुला आणि वीस तुलांचा एक भार, म्हणजे २,००० पले. पल ३२० गुंजांचे आणि गुंज सुमारे ०·१२ ग्रॅमची धरली, तर भार स्थूल मानाने ७५ किलोग्रॅमचा होतो. अमरकोशात असे दहा भार म्हणजे एक ‘आचित’, आणि तोच गाडीभर बोजा सांगितला आहे. हा हिशेब साडेसातशे किलोग्रॅमच्या आसपास जातो. बैलगाडीच्या धान्याच्या बोजाशी तो चांगला जुळतो. पण मावळातील ‘भारा’ म्हणजे एका माणसाने डोईवर उचलावा एवढा बांधलेला गवताचा गठ्ठा. तो वजनाने ठरत नाही. दोरी, उचलणारा व वाट यांवर ठरतो. मोडी कागदांतील भाऱ्यांना कोशातील भार समजून मणांत रूपांतर करणारे टिपण माझ्या पाहण्यात आले आहे. तसे केल्यास गवताच्या गंजीचा डोंगर होतो.

आता वजनाचा प्रश्न. सैल वाळलेल्या गवताचे वजन एका घनमीटरला साधारण ६० ते ७० किलोग्रॅम असते. भाताच्या दाण्याचे ५५० ते ६०० च्या घरात. म्हणजे सारख्याच जागेत दाणा आठनऊ पट वजनाने मावतो. गवताची गाडी काठोकाठ भरली, वर बांबू लावून उंच रचली, तरी वजन थोडेच भरते. परंतु गाडी अडते पूर्ण, माणूस अडतो पूर्ण, आणि वळणावर जपावे लागते ते अधिकच. गवताने जागा भरते व धान्याने जोर भरतो. जागेने भरणाऱ्या मालाला वजनाचा दर लावला तर वाहणाऱ्याच्या पदरी एकतृतीयांश मोलही पडत नाही. म्हणून बाईंचा हिशेब सरळ मनाचा असला तरी बरोबर नव्हता.

हे तत्त्व प्राचीनांनाही ठाऊक होते. अर्थशास्त्रात नावेने पार होण्याचा जो तर सांगितला आहे, तो केवळ वजनावर नाही. हातात ओझे असलेल्या माणसाला एक माषक. डोईवरच्या किंवा अंगावरच्या ओझ्याला, गाईला व घोड्याला दोन. उंट व म्हैस यांना चार. लहान यानाला पाच. आणि शकटाला सात. नावेत जागा किती अडते व चढविण्या-उतरविण्याचा त्रास किती, हेही या पायऱ्यांत धरलेले दिसते. मनुस्मृतीतही भरलेल्या गाड्यांचा तर मालाच्या साराप्रमाणे आणि रिकाम्या भांड्यांचा अगदी थोडा सांगून, लांबच्या वाटेला देश व काळ पाहून तो ठरवावा असे म्हटले आहे.

दर आधी ठरला नसेल तर काय करावे? येथे याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातील वेतनासंबंधीचे प्रकरण पाहावे. त्यावर चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळी विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. वेतन न ठरविता काम करवून घेणाऱ्याने व्यापार, पशू किंवा धान्य यांच्या उत्पन्नाचा दहावा भाग द्यावा, असा तेथे नियम आहे. हा नियम वाटेकऱ्यासारख्या चाकरासाठी आहे, एका खेपेच्या गाडीवानासाठी नव्हे. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दर ठरला नाही म्हणून काम फुकट ठरत नाही. पुढे त्याच प्रकरणात वाहकाबद्दल सांगितले आहे की, राजा किंवा दैव यांच्यामुळे न होता त्याच्या दोषाने माल नष्ट झाला तर त्याने तो भरून द्यावा. निघण्याच्या वेळी विघ्न आणणाऱ्याने वेतनाची दुप्पट द्यावी. निघाल्यावर लगेच सोडले तर सातवा भाग, वाटेत सोडले तर चौथा, आणि अर्ध्या वाटेवर सोडले तर पूर्ण वेतन, असा दंड आहे. मालकाने वाहकाला सोडले तरी तोच नियम. अर्धी वाट चालून गेल्यावर दुसरी गाडी मिळणे दुरापास्त असते, हे व्यवहारज्ञान या चढत्या पायऱ्यांत आहे.

आता दप्तरांकडे वळू. गवताच्या नोंदी चार प्रकारच्या असतात, आणि त्या वेगळ्या ओळखणे हे संग्राहकाचे पहिले काम होय.

पहिला प्रकार मोलाचा. येथे आकड्यापुढे नाणे असते : रुपये, आणे; पुष्कळदा कापणी, बांधणी व वाहणावळ निरनिराळी दाखविलेली असते.

दुसरा वेठीचा. येथे भारे असतात, गाव असते, नाणे नसते. गडाच्या घेऱ्यातील गावांनी गडावर गवत व लाकूडफाटा पोचवावा, ही वेठ होती. इनामाच्या सनदांत माफ केलेल्या बाबतींच्या यादीत वेठबेगार येते ती याच कारणाने. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने अठराव्या शतकातील मराठी राज्यातील वेठबेगारीवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे, तो या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा. गावोगाव या ओझ्याचा मोठा भाग महार वतनदारांच्या डोक्यावर पडे.

तिसरा प्रकार सावडीचा : आज तुझे बैल माझ्याकडे, उद्या माझे तुझ्याकडे. चौथा इर्जिकीचा : गाव मिळून एकाचे काम उरकतो, आणि तो सर्वांना जेवण घालतो. या दोहोंची नोंद कागदावर बहुधा होतच नाही. झाली तर जेवणाच्या खर्चाच्या रूपाने.

घोटाळा होतो तो दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत. नाणे नाही हे पाहून ‘पूर्वी गवत फुकट वाहण्याची चाल होती’ असे लिहिले जाते. सावडीत परतफेड होती, म्हणून ती फुकट नव्हती. वेठीत परतफेड नव्हती, म्हणून ती चाल नव्हती, सक्ती होती. आकड्यापुढील रिकामी जागा म्हणजे वाहणाऱ्याची संमती नव्हे. भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बेगार निषिद्ध केली आणि मुंबई राज्याच्या १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणाऱ्या कायद्याने महार वतने गेली. त्यानंतरच ती रिकामी जागा खऱ्या अर्थाने भरण्याचा मार्ग मोकळा झाला.

सक्तीविरुद्धचा विचार मात्र पूर्वी नव्हता असे नाही. चिपळूणनजीक हलवर्ण येथील छावणीच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांचे इ. स. १६७३ चे जे प्रसिद्ध पत्र आहे, त्यात दाणा व गवत बेताने वापरावे, पावसाळ्यात पुरले पाहिजे, आणि जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेवर जुलूम करू नये, अशी ताकीद आहे. गवताला आग लागण्याचे भय तर त्यात फार बारकाईने सांगितले आहे : आगट्या, तंबाखू, दिव्याची वात पळविणारा उंदीर, सारे. गवत वाहणाऱ्याने आज विडी व तापलेले इंजिन यांबद्दल तीच सावधगिरी ठेवावी.

आता लोहगडवाडीचा हिशेब. पुढील रकमा केवळ रीत दाखविण्यासाठी धरल्या आहेत. गवत ९०० पेंढ्या, प्रत्येक खेपेस ३००, म्हणजे तीन खेपा. एका खेपेस भरायला एक तास, जायला अर्धा, उतरवायला अर्धा, रिकामे परत यायला अर्धा : अडीच तास. तीन खेपांचे साडेसात. यांपैकी रस्त्यावर केवळ तीन तास जातात. म्हणून निव्वळ अंतरावर दर लावला तर पाचांपैकी तीन भाग वेळ हिशेबाबाहेर राहतो. गाडीवाल्याच्या दिवसाचे ६०० रुपये, इंधनाचे ४५०, गाडीच्या झिजेचे ३०० : एकूण १,३५०. त्यावर दहावा भाग नफा, १३५. एकंदर १,४८५, म्हणजे पेंढीमागे १ रुपया ६५ पैसे. परतीच्या रिकाम्या वाटेचे इंधन यात आले आहे. ते वेगळे मागू नये.

आता बाईंच्या घरची दोन माणसे हाताखाली आली तर भरणे अर्ध्या तासात व उतरविणे पाव तासात होते. खेप पावणेदोन तासांची, तीन खेपा सव्वापाच तासांच्या. मजुरी त्याच प्रमाणात ४२० होते. इंधन व झीज तीच. बेरीज १,१७०, दहावा भाग ११७, एकूण १,२८७. पेंढीमागे १ रुपया ४३ पैसे. म्हणजे सावडीचा अंश मोलात उतरविता येतो, आणि त्याची किंमतही दाखविता येते.

हा कागद मी दोघांपुढे ठेवला. गाडीवाल्याने खेपेचा हट्ट सोडून पेंढीचा हिशेब मानला, कारण त्यात गाडी अर्धी भरून खेपा वाढविण्याचा संशय उरत नाही. बाईंनी वजनाचा आग्रह सोडला. भरायला त्यांचे दोन नातू होतेच, ती वजावट त्यांना मिळाली. एक गोष्ट मात्र बाईंनी मला ऐकविली ती नमूद करतो. त्या म्हणाल्या, “आमच्या आजेसासूनं गडावर भारे नेले, तेव्हा कुणी हिशेब केला नव्हता.” तो भारा मोलाचा होता, वेठीचा की सावडीचा, हे त्यांना सांगता आले नाही, आणि कोणत्याही कागदात ते मिळणार नाही.

म्हणून संग्राहकांना एवढीच विनंती आहे. गवताची नोंद हाती आली की तिथी, गाव, परिमाण व नाणे ही चार अंगे आधी पाहावी. मार्गशीर्षातील गवत बहुधा वैरणीचे असते, वैशाखातील शाकारणीचे. त्यावरून गरज कळते. नाणे नसेल तर ‘फुकट’ असे न लिहिता ‘मोल दिलेले दिसत नाही’ एवढेच लिहावे. आणि गावात आज जो दर ठरतो, त्याची चिठ्ठी पेंढ्यांची संख्या, खेपा व तारीख यांसह जपून ठेवावी. पुढे कोणी वाचेल तेव्हा आकड्यापुढील जागा रिकामी असणार नाही.