बेंचमार्कचे गुण आणि खेळातला वेग

प्रोसेसरचा बेंचमार्क म्हणजे त्याला ठरावीक काम द्यायचे आणि ते तो किती वेगाने उरकतो हे मोजून गुण द्यायचे. सिनेबेंचमध्ये हे काम त्रिमितीय चित्र साकारण्याचे असते. गीकबेंचमध्ये फाइल लहान करणे, फोटो हाताळणे अशी छोटी छोटी कामे एकापाठोपाठ दिली जातात. दादरहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, गेमिंगचा पीसी जुळवून घ्यायला जाणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये बहुधा हेच गुण असतात. गुण खोटे नसतात. ते ज्या कामाचे असतात, ते काम खेळाचे नसते.

सिनेबेंचचे चित्र लहान चौकोनांत वाटले जाते आणि प्रत्येक कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, आपापला चौकोन पुरा करतो. कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही, म्हणून कोअर वाढले की गुण भराभर चढतात. खेळात आधी खेळाडूचा माउस कुठे वळला ते पाहायचे, त्यावरून समोरच्याची हालचाल ठरवायची, गोळी लागली की नाही याचा हिशेब करायचा आणि मग ग्राफिक्स कार्डाला काय काढायचे ते सांगायचे. यातले बरेचसे एकामागून एकच होते. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रे, हवी असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी हे सारे सुमारे १६.७ मिलिसेकंदांत आटोपावे लागते. त्यात खेळाची माहिती मेमरीत विखुरलेली. ती हाती येईपर्यंत वेगवान कोअरही नुसता बसून राहतो.

एएमडीच्या रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरने एप्रिल २०२२ मध्ये हा फरक उघड केला. त्याआधीच्या ५८००एक्सप्रमाणे यातही आठच कोअर होते आणि कमाल वेग तर ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरला होता. मात्र प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, म्हणजे एल३ कॅश, ३२ एमबीवरून ९६ एमबी झाली होती. सिनेबेंचमध्ये तो जुन्या भावाच्या मागे राहिला, बहुतेक खेळांत पुढे गेला. पुढच्या वर्षी आठ कोअरच्या ७८००एक्स३डीने सोळा कोअरच्या ७९५०एक्सच्या बाबतीत तेच केले: सिनेबेंचमध्ये गुण जवळपास निम्मे, खेळांत मात्र बहुतेकदा आघाडी.

मग थेट खेळातच घेतलेली चाचणी पाहावी, हे ओघाने येते. पण तिच्याही अटी वाचाव्या लागतात. परीक्षक सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड लावून १०८०पी रिझोल्यूशनवर प्रोसेसर तपासतात, कारण कार्ड अडखळले तर प्रोसेसरचा कस कळत नाही. ही पद्धत योग्यच आहे; तिला नावे ठेवणारे चुकतात. मात्र ४के पडद्यावर पिक्सेल चौपट होतात, भार कार्डावर जातो आणि प्रोसेसरमधले अंतर बरेचदा दिसेनासे होते. मध्यम किमतीचे कार्ड घेणाऱ्याने चाचणीतला तो फरक घरी मिळेल असे धरू नये. जादा पैसे कार्डात घातलेले बरे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या, कार्डावर फारसा ताण न देणाऱ्या खेळांत मात्र प्रोसेसरच निर्णायक ठरतो.

सरासरीही फसवते. सेकंदाला १२० फ्रेम दिसत असूनही मधूनच एखादी फ्रेम रेंगाळली की पडद्यावर झटका बसतो. त्यासाठी ‘वन पर्सेंट लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमवरून काढलेला वेग, पाहायचा.

चाचणीचे पैसे कोणी दिले, हेही महत्त्वाचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटेलने प्रिन्सिपल्ड टेक्नॉलॉजीज या चाचणी कंपनीकडून आपल्या कोअर आय९-९९००केची तुलना करवून घेतली. तिच्यात रायझेन ७ २७००एक्स ‘गेम मोड’मध्ये चालवल्याने त्याचे आठपैकी चार कोअर बंद राहिले होते. टीकेनंतर फेरचाचणी झाली, तेव्हा अंतर बरेच घटले.

घरची परिस्थिती आणखी वेगळी असते. पैसे वाचवायला रॅमची एकच पट्टी बसवली, तर दोन पट्ट्यांवर घेतलेले आकडे तिथे लागू पडत नाहीत. कूलर साधा आणि खोलीत एसी नसेल, तर मे महिन्यात तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. काही सेकंदांच्या चाचणीत हे कळत नाही. सिनेबेंच आर२३मध्ये म्हणूनच दहा मिनिटांची चाचणी ठेवली गेली. लॅपटॉपमध्ये तर एकाच नावाचा प्रोसेसर दोन कंपन्यांनी वेगवेगळ्या वीजमर्यादेवर बसवलेला असू शकतो. तिथे प्रोसेसरचे नव्हे, त्या विशिष्ट मॉडेलचेच आकडे शोधावे लागतात.