डोंगर सर्वांचे, मुक्काम कोणाचा?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या कुशीत अनेक वनोद्याने व तंबूस्थळे आहेत. येथील चार राष्ट्रीय उद्यानांपैकी रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान १९१५ साली स्थापन झाले. तेथे मुक्कामास येणाऱ्याने अन्न अस्वलांच्या हाती लागणार नाही अशा बंद पेटीत ठेवावयाचे असते. विजांचा धोका ओळखून दुपारपूर्वीच उंच शिखरांवरून खाली उतरावयाचे असते. निसर्गाचे हे नियम सर्वांना सारखेच आहेत.

माणसांचे नियम मात्र तसे नव्हते. वर्णभेदामुळे राज्यातील अनेक विश्रामस्थळांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. म्हणून १९२२ साली डेन्व्हरच्या पश्चिमेस डोंगरात ‘लिंकन हिल्स’ ही त्यांची स्वतःची विश्रामवसाहत सुरू झाली. लोकांनी हप्त्याने छोटे भूखंड घेतले. १९२८ मध्ये ‘विंक्स लॉज’ हे अतिथिगृह उघडले. मुलींसाठी तेथे ‘कॅम्प निझोनी’ हे शिबिर भरत असे. नावाहो भाषेत निझोनी म्हणजे सुंदर.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, उपाहारगृहे यांसारख्या सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावास बंदी घातली. पुढे लिंकन हिल्सची वर्दळ ओसरली. सर्वांची दारे उघडल्यावर वेगळ्या दाराची निकड उरली नाही. विंक्स लॉजची नोंद १९८० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या सूचीत झाली.

मोकळे आकाश हीदेखील एक शाळाच आहे. सहलीत तंबूची दोरी बांधावयास शिकविताना, त्या शाळेत प्रवेश मिळविण्यासाठी माणसांना काय करावे लागले, हेही मुलांना सांगावे.