चिन्हावर चिन्ह : एपीएल भाषेतील एक धडा

आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणकाच्या भाषेविषयी आम्ही लिहावे, याचे कोणास नवल वाटल्यास ते गैर नाही. तथापि गुणपत्रकाचे काम आमच्याही वाट्यास येते, आणि या लेखाचा विषय तेथेच आहे.

केनेथ आयव्हर्सन यांचा जन्म १९२० साली कॅनडातील अल्बर्टा प्रांतात झाला. नववीनंतर शाळा सोडून ते घरच्या शेतावर राबले; पुढील शिक्षण प्रथम टपालाद्वारे व नंतर विद्यापीठात घेतले. हार्वर्ड येथे शिकवताना त्यांनी रचलेल्या चिन्हलिपीचे पुस्तक १९६२ साली निघाले. तिच्यातूनच एपीएल ही भाषा घडली. १९७९ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला.

या भाषेत संख्यांची संपूर्ण यादी एकदम हाताळली जाते. ‘+’ ही क्रिया दोन संख्या मिळवते. तिच्या उजवीकडे ‘/’ लिहिले की ‘+/’ ही नवी क्रिया तयार होते आणि ती सबंध यादीची बेरीज करते. क्रिया घेऊन नवी क्रिया देणाऱ्या अशा चिन्हास ऑपरेटर म्हणतात. हाती आलेली वस्तूही क्रियाच असल्याने तिच्यावर पुन्हा ऑपरेटर लावता येतो. सारे मर्म येथे आहे.

पुढील काळात या भाषेत ‘¨’ हा ऑपरेटर आला. त्याचा अर्थ ‘प्रत्येकी’. समजा, एका वर्गात दोन विद्यार्थिनी आहेत. तीन विषयांत पहिलीचे गुण ४०, ५०, ६० व दुसरीचे ३०, २५, १५. वर्गाच्या यादीवर नुसते ‘+/’ लावले, तर दोन्ही याद्या एकमेकींत मिळून ७०, ७५, ७५ अशी विषयवार बेरीज येते. ‘+/¨’ लावले, तर १५० आणि ७० ही प्रत्येकीची बेरीज येते. अनेक वर्गांची मिळून शाळेची यादी केल्यास एक ‘¨’ वर्गापाशीच थांबते आणि वर्गवार विषयांची बेरीज देते. एकेका मुलीपर्यंत पोहोचण्यास ‘+/¨¨’ लिहावे लागते. जितके थर उतरावयाचे, तितक्या वेळा ‘प्रत्येकी’ म्हणावयाचे.

एक चिन्ह गळाले तरी, याद्यांची लांबी सारखी असल्यास, यंत्र तक्रार करीत नाही. आलेले उत्तर अचूकच असते. मात्र ते दुसऱ्या प्रश्नाचे असते. वरील विषयवार आकड्यांत ७० गुणांची मुलगी दिसतच नाही. एका वर्षी आमच्याही हातून असेच झाले. विषयवार तक्ता पाहून आम्ही समाधान मानले. सर्वच विषयांत मागे पडलेली एक मुलगी दिवाळीनंतर परतली नाही, तेव्हा कोठे आम्ही तिचे गुण स्वतंत्रपणे मिळवून पाहिले.

आमच्या विद्यार्थ्यांनी या चिन्हांचे भय बाळगू नये. कागदावर गुणांच्या याद्या मांडाव्यात, एकेक चिन्ह वाढवीत उत्तर काढावे, आणि प्रत्येक वेळी स्वतःस विचारावे : ही बेरीज कोणाची?