वन्य बेडूक व बेडूकमासे यांमधील रानाव्हायरस रोग : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : बेडूक हा जलीय व स्थलीय परिसंस्थांना जोडणारा दुवा होय. प्रस्तुत लेखात या दुव्यास धोक्यात आणणाऱ्या रानाव्हायरस रोगाचा परामर्श घेतला आहे.

स्वरूप व प्रसार : इरिडोव्हिरिडी कुलातील या विषाणूत दुपदरी डीएनए असतो. १९६० च्या दशकात ॲलन ग्रॅनॉफ व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील राना पिपीयन्स या बेडकापासून तो प्रथम वेगळा केला. दूषित पाणी, प्रत्यक्ष संपर्क व मृत बेडूकमाशांचे भक्षण यांद्वारे तो पसरतो.

परिणाम : उत्तर अमेरिकेत रूपांतरणाच्या उंबरठ्यावरील बेडूकमासे विशेषत्वाने बळी पडतात. त्यांचे अंग सुजते, त्वचेखाली रक्तस्राव होतो व अल्पावधीत तळेच्या तळे ओस पडते. ब्रिटनमध्ये मात्र प्रामुख्याने प्रौढ बेडूक मरतात. तेथील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साथ वारंवार उद्भवलेल्या तळ्यांत सुमारे बारा वर्षांत बेडकांची संख्या मध्यक मानाने ८१ टक्क्यांनी घटली.

निष्कर्ष : वन्य बेडकांवर उपचार करणे व्यवहार्य नसल्याने प्रतिबंध हाच मार्ग उरतो. एका तळ्यातील जाळी वा चिखलाचे बूट निर्जंतुक न करता दुसऱ्या तळ्यात नेऊ नयेत आणि बेडूकमाशांचे स्थलांतर करू नये. विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीस नेणाऱ्या अध्यापकांनी हे पथ्य प्रथम स्वतः पाळणे अगत्याचे आहे.