दप्तरात नाव नसलेले हक्कदार
सौर प्रकल्पाला गावाने विरोध केला की त्याच्यावर विकासविरोधी असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. राजस्थानातल्या जैसलमेर जिल्ह्यात ओरण वाचवण्यासाठी उभे राहिलेले गावकरी काय सांगत आहेत, हे आधी समजून घ्यायला हवे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. आपल्या देवराईशी त्याचे जवळचे नाते आहे; पण ओरणात गुरे चरतात, फक्त झाडावर कुऱ्हाड घालायची नाही. खेजडी, केर आणि बोरीच्या आसपास सेवण गवत वाढते. पावसाचे पाणी उतारावरून तळ्यात जमते, म्हणून तो उतार मोकळा राखलेला असतो. उंट, गाई, शेळ्या-मेंढ्या या रानावर जगतात. महसुली दप्तरात मात्र अशी बरीच जमीन सरकारी पडीक म्हणून नोंदलेली आहे.

विरोधाचे मूळ या नोंदीत आहे. एक मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जमीन तरी लागते. राजस्थानातल्याच २,२४५ मेगावॉटच्या भडला सौर उद्यानाने सुमारे १४,००० एकर व्यापले आहेत. एवढी सलग जमीन खासगी मालकांकडून मिळवायची तर असंख्य खातेदारांशी बोलणी करावी लागतात. सरकारी पडीक जमिनीचे वाटप त्यामानाने सोपे. कुंपण पडले की कळपांची वाट तुटते, उतारावर भराव पडला की तळ्याकडे येणारे पाणी अडते. पण भरपाई मागायला पशुपालकाकडे कागद नसतो. त्यात सौर प्रकल्प २००६च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेच्या कक्षेत येत नाहीत, म्हणजे त्याखालची जनसुनावणीही होत नाही. गाऱ्हाणे मांडायला जागाच नसेल तर माणसे रस्त्यावर उतरणारच.

कोळसा कमी करायचा तर सौरऊर्जा लागणारच, आणि केवळ छपरांवरच्या पॅनेलांनी भागणार नाही, हे खरे आहे. पण वीज देशाला हवी असेल तर तिची किंमत सर्वांत कमी बोलू शकणाऱ्यांनीच का मोजावी? चांगला मोबदला दिला की प्रश्न सुटतो, असेही म्हटले जाते. कर्नाटकातल्या पावगडात सुमारे १३,००० एकर जमीन विकत न घेता भाड्याने घेतली गेली. एकरी वार्षिक २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. सततच्या दुष्काळाने पिचलेल्या खातेदारांना त्याचा आधार झाला. पण भाडे जमिनीच्या मालकाला मिळते. तिथे राबणाऱ्या भूमिहीन मजुराला आणि मेंढरे चारणाऱ्याला नाही. मोबदला कितीही चांगला असला, तरी तो दप्तरातल्या नावापाशीच थांबतो.

हा प्रश्न महाराष्ट्राच्याही दारात आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानांवर प्रकल्प उभे राहत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू रास्तच आहे. पण गायरान सरकारी असले तरी रिकामे नसते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थान सरकारला ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा देण्यास सांगितले. जागा ठरल्यावर न्यायालयात जाण्यापेक्षा निविदेआधीच अशी पाहणी व्हावी: जमीन कोण वापरते, पाणी कुठून येते, कळप कुठून जातात. मग ग्रामसभेची संमती घ्यावी आणि उत्पन्नाचा वाटा चराई गमावणाऱ्यांनाही द्यावा. यात वेळ जाईल, ही तक्रार टिकत नाही. खटल्यांत आणि बंद पडलेल्या कामांत त्याहून जास्त वेळ जातो. जमीन वापरणाऱ्याचे मालकाइतकेच ऐकून घेतले, तर सौरऊर्जेची वाट गावातूनच सुकर होईल.